द वायर: बाल्टिमोरच्या साहेबांमध्ये खरा साहेब कोण?

रातकिडा (धागाकर्ता)
पाचही सीझन बघून झालेल्यांसाठीच हा धागा. अर्ध्यावर असाल तर इथूनच मागे फिरा, पुढे सगळं फुटणार आहे.

'द वायर' या बाल्टिमोर पोलिसांवरच्या अमेरिकन मालिकेचा विषय निघाला की मंडळी लुटारू ओमर, ड्रग्जवाला स्ट्रिंगर बेल नाहीतर डिटेक्टिव्ह मकनल्टीपाशी थांबतात. मला बोलायचंय पोलीस खात्यातल्या खुर्चीतल्या माणसांबद्दल. २००२ ते २००८ मधल्या ६० भागांत डॅनियल्स, रॉल्स, बरेल, कॉल्विन, व्हॅलचेक, लँड्समन, अ‍ॅशर, मॅरिमो असे एकाहून एक साहेब येऊन जातात. यातला पथक चालवायला लायक कोण?

माझं मत डॅनियल्स. पहिल्या सीझनला ड्रग्ज टोळीच्या तपासासाठी त्याच्या गळ्यात कसलं पथक मारलं ते आठवा. पोक आणि मेहोन पेन्शनवर डोळा ठेवून बसलेले. प्रेझ सासऱ्याच्या वशिल्यावर तगलेला. हर्क आणि कार्व्हर दार फोडण्यापलीकडे काही न येणारे. लेस्टर तेरा वर्षं गहाणवटीच्या दुकानांच्या विभागात सडलेला. म्हणजे प्रत्येक विभागाने आपली नको असलेली माणसं तळघरात ढकलली होती. त्याच माणसांकडून त्याने पेजरची नक्कल, मग पे-फोनवरून कोणते नंबर फिरवले त्याची नोंद, मग न्यायाधीशाचा हुकूम आणि मग प्रत्यक्ष संभाषण ऐकणं, म्हणजेच 'वायर', अशी एकेक पायरी चढवून घेतली.

कोपरा_नं_५
कॉल्विन. धागा बंद करा.

शेवगा
कोपरा_नं_५, एका शब्दात नाही चालायचं इथे :)

मीही कॉल्विनचाच, पण कारणं देतो. तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला वरून फर्मान येतं: प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये गंभीर गुन्हे ५ टक्क्यांनी खाली आणा आणि वर्षाचे खून २७५ च्या आत ठेवा. कसे, ते कोणी सांगत नाही. बाकीचे मेजर कागदावर आकडे खाली आणतात. कॉल्विन रस्त्यावर आणतो. आपल्या वेस्टर्न डिस्ट्रिक्टमध्ये ओसाड पडलेल्या घरांचे तीन पट्टे निवडतो आणि ड्रग्जचा धंदा तिथेच करा, इतर नाके मोकळे सोडा म्हणतो. पोरं आधी येतच नाहीत, सापळा वाटतो त्यांना. मग नाक्यावर रोज उचलाउचली करून त्यांचा धंदाच अशक्य करावा लागतो. त्यानंतर कुठे 'हॅम्स्टरडॅम' भरतं.

गुन्हे १४ टक्क्यांनी घसरतात. कॉमस्टॅटच्या, म्हणजे गुन्ह्यांच्या आकड्यांचा जाब विचारणाऱ्या बैठकीत वरिष्ठ रॉल्सचा विश्वासच बसत नाही, त्याला वाटतं आकडे शिजवलेत.

निळू_जोशीण
शेवगा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. पट्टे तर केले, पण तिथे पाणी, संडास, डॉक्टर यांचा विचार आधी कुठे होता? कॉल्विनचा जुना ओळखीचा डीकन येऊन तो भयाण प्रकार बघतो आणि सुनावतो, तेव्हा कुठे सुया बदलून देणारे आणि आरोग्यवाले आत येतात. शिवाय नाक्यावर पहाऱ्याला उभी राहणारी लहान पोरं एका रात्रीत बेकार होतात. एकाच जागी सगळं उघड्यावर असल्यावर पहारेकरी हवेत कशाला? ती पोरं दिवसभर उनाडतात. मग कार्व्हर धंदेवाल्यांकडून वर्गणी काढतो आणि त्या पोरांसाठी बास्केटबॉलची रिंग बसवतो. नियोजनातलं भोक सार्जंटने बुजवलं, मेजरने नाही.

आणि व्यसनी जॉनी तिथेच मरतो.

अनुस्वार
+१ निळू. कॉल्विनचा विचार मोठा होता, कारभार नाही. वरिष्ठांपासून लपवलेली गोष्ट किती दिवस टिकणार? शेवटी हर्कनेच पत्रकाराला फोन केला. ज्याला स्वतःच्या डिस्ट्रिक्टमधल्या हवालदारांना सोबत घेता आलं नाही, तो उत्तम साहेब कसा?

शेवगा
हर्कला सोबत घेणं कोणाला जमलंय? डॅनियल्सला? :D

कागदी_घोडे
कॉल्विनचं जे झालं त्यामागचं गणित इथे कुणी मांडलं नाही म्हणून लिहितोय.

बाल्टिमोरमध्ये सार्जंट आणि लेफ्टनंट ही पदं परीक्षा देऊन, यादीत नंबर लागून मिळतात. ती सहज काढून घेता येत नाहीत. लेफ्टनंटच्या वर मेजर, कर्नल, डेप्युटी कमिशनर ही सगळी पदं कमिशनरच्या मर्जीवर. (मालिकेत मध्ये कॅप्टन नाही, म्हणून लेफ्टनंटची एकदम मेजरपदी उडी दिसते.) त्यामुळे मर्जी गेली की मेजर पुन्हा लेफ्टनंट. निवृत्तीच्या तोंडावर कॉल्विनला नेमकं तेच केलं. पेन्शन मेजरऐवजी लेफ्टनंटच्या पगारावर बसली आणि जॉन्स हॉपकिन्सची ठरलेली नोकरीही हुकली.

कॉमस्टॅटमध्ये सगळे मेजर घाम पुसत का उभे असतात ते यातून कळतं. ईस्टर्नच्या मेजर टेलरला रॉल्स भर बैठकीत सोलून काढतो आणि नंतर घरी बसवतो. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम ३११ मुळे चौकशीशिवाय पद खाली आणता येत नाही, म्हणून राग काढायचा तर बदली किंवा साईड पोस्टिंग. तिथे थेट खांद्यावरचं चिन्हच उतरतं. डॅनियल्स, कॉल्विन, रॉल्स यांची तुलना करताना हे डोक्यात ठेवा. तिघेही त्या टांगत्या तलवारीखालीच निर्णय घेतात.

रातकिडा
कागदी_घोडे, फारच उपयोगी. मग डॅनियल्स पहिल्या सीझनला लेफ्टनंट असतानाही इतका दबून का? त्याचं पद तर परीक्षेचं.

कागदी_घोडे
मेजरच्या यादीत नाव होतं म्हणून. आणि दुसरं, ईस्टर्नमधल्या जुन्या पैशांची एफबीआयची फाईल डेप्युटी कमिशनर बरेलच्या कपाटात. पद जात नसलं तरी बढती अडकते आणि अब्रूही जाऊ शकते. सिनेटरच्या ड्रायव्हरकडून पकडलेली रोकड परत कर म्हणून हुकूम येतो, तिथे डॅनियल्स काय करतो ते परत बघा. सगळा ताण त्या दोन वाक्यांच्या मधल्या गप्प बसण्यात आहे.

कोपरा_नं_५
डॅनियल्सभक्तांना एक प्रश्न. दुसऱ्या भागात रात्री टॉवर्सवर, म्हणजे सरकारी घरांच्या इमारतींपाशी जाऊन प्रेझ पिस्तुलाच्या दस्त्याने १४ वर्षांच्या पोराचा डोळा फोडतो. त्यानंतर प्रेझला बाजूला घेऊन जबाब कसा द्यायचा हे कोण शिकवतो? तुमचाच सज्जन साहेब. जिवाला धोका वाटला असं म्हण, हे त्याच्या तोंडात घालतो.

अनुस्वार
बरोबर, आणि तेच लिखाणाचं बळ. पथकप्रमुख म्हणून तो माणूस वाचवतो, पण पुढे प्रेझला रस्त्यावर सोडत नाही. टेबलाशी बसवतो. तिथे प्रेझ पेजरचा कोड फोडतो: फोनच्या बटणांवर ५ ओलांडून समोरचा आकडा, म्हणजे १ चा ९, २ चा ८, आणि ५ व ० ची अदलाबदल. रस्त्यावर धोकादायक असलेला माणूस कागदावर हिरा निघतो. चुकीच्या जागी बसलेला माणूस योग्य जागी हलवणं हे साहेबाचंच काम की.

मेघना_त
कोड फोडण्याचं श्रेय प्रेझचं, टेबलाचं लेस्टरचं. डॅनियल्सचं श्रेय एवढंच की त्याने अडवलं नाही.

अनुस्वार
'अडवलं नाही' हे या मालिकेत शौर्यपदक आहे.

गुळपोळी
या न्यायाने जिमी अ‍ॅशर सर्वोत्तम! चौथ्या सीझनला मेजर क्राइम्स या मोठ्या गुन्ह्यांच्या पथकाचा प्रमुख, सगळं चित्त समुद्रकाठच्या बंगल्यात. लेस्टरने पुढे सरकवलेले समन्स न वाचता सही. त्या सह्यांवर सिनेटर क्ले डेव्हिसपासून बिल्डर क्रॉचेकपर्यंत पैशाचा माग निघाला. इतकं काम दुसऱ्या कुठल्या साहेबाच्या काळात झालं? ;-)

कागदी_घोडे
गुळपोळी, हसलो खरा, पण लगेच काय झालं? निवडणुकीच्या तोंडावर समन्स निघाल्यावर रॉल्सने अ‍ॅशरला उचलून मॅरिमोला आणून बसवलं. न वाचणारा साहेब छत्री धरत नाही, त्याला पाऊस आल्याचंच कळत नाही. डॅनियल्सने तेच समन्स दाबले असते की नाही माहीत नाही, पण तारीख तरी बघितली असती.

ठोकळा
मॅरिमो = पथकाचा कर्दनकाळ. रस्त्यावर माल पकडा, टेबलावर मांडा, फोटो काढा. वायर बंद. हर्कचा हरवलेला कॅमेरा, मग ती लपवाछपवी, मग गाडीतून बाहेर खेचलेला पाद्री... सगळं त्याच्याच काळातलं.

मेघना_त
रॉल्सबद्दल कोणी चांगलं बोलणार आहे का, की मीच सुरू करू?

शेवगा
करा करा, पॉपकॉर्न घेतलेत.

मेघना_त
घ्या. डॅनियल्सच्या पथकातल्या किमाला गोळी लागते त्या रात्री जागेवर सगळे वरिष्ठ नुसते उभे असतात. गर्दी, गोंधळ, पुरावा तुडवला जातोय. रॉल्स येतो, ज्यांचं काम नाही त्यांना हाकलतो, उरलेल्यांना कामं वाटून देतो. मग ज्या मकनल्टीला तो पाण्यात बघतो, त्याच्याजवळ जाऊन तुझी चूक नाही म्हणून सांगतो, आणि वर हेही की मला तू आवडत नाहीस, म्हणून खोटं बोलायचं मला काही कारण नाही. खुनाच्या तपासाचा प्रमुख म्हणून तो माणूस पक्का आहे.

त्याचा आजार एकच, टक्केवारी. उकललेल्या खुनांचं प्रमाण काढायची पद्धत बघा. खाली या वर्षी नोंदले गेलेले खून. वर या वर्षी उकललेले, मग खून कोणत्याही वर्षीचा असो. म्हणजे जुनी फाईल उकलली की फुकटचा गुण आणि नवीन बेवारस प्रेत आलं की सरळ तोटा. म्हणून दुसऱ्या सीझनला बंदरावरच्या कंटेनरमध्ये १३ आणि पाण्यात १ अशा चौदा मुली सापडतात तेव्हा रॉल्स त्या दुसऱ्या यंत्रणेच्या गळ्यात मारायला धडपडतो. आणि त्यानेच पोलिसांच्या गस्तीच्या बोटीवर हद्दपार केलेला मकनल्टी काय करतो? भरती-ओहोटीचे तक्ते आणि वारा मांडून सिद्ध करतो की मृत्यू शहराच्या हद्दीतच झालेत. निव्वळ सूड!

निळू_जोशीण
आणि त्याच चौदा खुनांच्या बदल्यात डॅनियल्स मकनल्टीला बोटीवरून सोडवतो. रॉल्सने शपथ घेतलेली की हा तिथेच सडणार. डॅनियल्स म्हणतो, खून माझ्या पथकाकडे घेतो, मला मकनल्टी दे. रॉल्सला गिळावंच लागतं. वाटाघाट कशी करावी याचा नमुना आहे तो.

ठोकळा
चौथ्या सीझनला लँड्समनही तेच करतो. ओसाड घरांना ठोकलेल्या फळ्या लेस्टरला काढायच्या असतात. लँड्समन म्हणतो वर्ष संपायला तीन आठवडे, आपली उकल ५० टक्क्यांच्या खाली, प्रेतं शोधत फिरायचं नाही. लेस्टर फळीतला खिळा बघून ओळखतो की आत ड्रग्जवाल्या मार्लोच्या मारेकऱ्यांचं, ख्रिस आणि स्नूपचं काम आहे, आणि सार्जंटला दिसतो फक्त डिसेंबर.

कलमदान
अवांतर, पण वायर मिळवण्यावर जरा लिहितो, कारण साहेबाचा कस तिथेच लागतो.

अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने न्यायाधीशाचा हुकूम लागतो, एका वेळी जास्तीत जास्त ३० दिवसांचा. अर्जात लिहावं लागतं की नेहमीच्या पद्धती वापरून झाल्या आणि त्या फसल्या, किंवा फसणारच का. म्हणून पहिल्या सीझनला छोट्या खरेद्या, पाळत, खबरे हे सगळं आधी करून दाखवतात. हुकूम मिळाल्यावरही कामाचं नसलेलं बोलणं ऐकत बसता येत नाही, उपकरण बंद करून मधूनमधून तपासायचं. पे-फोन सार्वजनिक असल्यामुळे तो उचलणारा आपलाच माणूस आहे हे कुणीतरी डोळ्यांनी बघायला हवं. म्हणून गच्चीवर उन्हातान्हात बसलेला तो एक पोलीस. त्याने वेळ नीट टिपली नाही तर खाली टेप चालू असूनही तो कॉल वाया.

आपल्याकडे मालिकेच्या काळात टेलिग्राफ कायद्याच्या कलम ५(२) खाली गृह सचिवाची परवानगी लागायची, न्यायाधीशाची नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या मकोकात मात्र पद्धत पुष्कळशी अमेरिकन वळणाची दिसते: अर्ज अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या तपासातून, इतर मार्ग का चालले नाहीत याचं निवेदन, मुदत कमाल ६० दिवस. परवानगी देणारा मात्र गृह खात्यातला सचिव दर्जाचा अधिकारी.

आता सांगा, हे सगळं रांगेत लागेपर्यंत वरून धाडीची घाई होत असताना दाराशी उभा राहणारा साहेब कोण? रॉल्सला तीन खुनांची वॉरंट तेव्हाच बजावून टक्केवारी सुधारायची होती. डॅनियल्सने बरेलसमोर भांडून ती थोपवली. नाहीतर तपास सहाव्या भागातच आटोपला असता.

कोपरा_नं_५
आणि किमाला गोळी लागल्यावर बरेलने धाडी घालायला लावल्याच. टेबलावर माल, कॅमेरे, आणि वायरचा बोऱ्या वाजला. तेव्हा कुठे होता तुमचा दाराशी उभा राहणारा?

कलमदान
तिथेच होता, हरला. नंतर त्याला पुराव्याच्या गोदामात पाठवलं. जिंकलेल्या साहेबांनाच मार्क द्यायचे तर यादीत व्हॅलचेक पहिला येतो, शेवटी कमिशनर तोच होतो.

गुळपोळी
व्हॅलचेक! चर्चच्या रंगीत काचेच्या खिडकीवरून बंदर कामगारांच्या युनियनशी खुन्नस, त्यासाठी खास पथक. मग कामगार त्याची पाळत ठेवायची व्हॅनच पळवून जहाजावर चढवतात आणि जगभरच्या बंदरांतून तिचे फोटो त्याच्या टेबलावर येत राहतात. युनियनचा पुढारी फ्रँक सबॉटका मेल्यावरसुद्धा एक फोटो येतो. या माणसाने पोलीस म्हणून काय कमावलं असेल तर तो अल्बम.

रातकिडा
अल्बम :D :D

हळदीकुंकू
थोडं बाहेर जाऊन. याच शहरावरची 'होमिसाइड' (१९९३ ते १९९९) बघितली असेल तर याफेत कोट्टोचा अल जिआर्डेलो आठवा. 'वायर'कर्त्या डेव्हिड सायमनच्या १९९१ च्या पुस्तकावरून आलेली मालिका. जिआर्डेलो पथकाचा बाप आहे: ओरडतो, खाऊ घालतो, वरच्यांशी भांडतो. तसंच 'एनवायपीडी ब्लू'तला लेफ्टनंट फॅन्सी. सिपोविट्झसारख्या वर्णद्वेष अंगात भिनलेल्या माणसाला कृष्णवर्णीय साहेब कसा हाताळतो, हे तिथे फार बारकाईने येतं. त्या मालिकांत साहेब चांगला असेल तर पथक चालतं. 'वायर'मध्ये साहेब चांगला असूनही चालत नाही. तुलना करायची तर हा फरक धरून करा.

आणि गंमत: पुस्तकातल्या पथकाचा खरा प्रमुख गॅरी डॅडारिओ 'वायर'मध्ये सरकारी वकील होऊन येतो. खरा जे लँड्समन कॉल्विनचा दुय्यम लेफ्टनंट मेलो झालाय, आणि लँड्समनची भूमिका करतो डिलेनी विल्यम्स.

ठोकळा
म्हणजे खरा लँड्समन खोट्या लँड्समनच्या मालिकेत दुसऱ्याच नावाने. बरं.

अनुस्वार
'लाइन ऑफ ड्यूटी'च्या हेस्टिंग्जला कोणी आणू नका प्लीज, धागा तिकडेच वाहून जाईल.

हळदीकुंकू
आणणारच होते :(

मेघना_त
बरेलबद्दल एक. सगळे त्याला निर्बुद्ध समजतात. चौथ्या सीझनला महापौर कार्केटी त्याचे अधिकार काढून डॅनियल्सला वर आणतो. मग पाद्री प्रकरणात हर्कला शिक्षा केली तर पोलीस नाराज, सोडला तर पाद्री मंडळी नाराज, अशी महापौराची कोंडी होते. तोड बरेल काढतो: या प्रकरणात हात लावू नका, त्याचं बाकीचं काम उकरा, काहीतरी सापडेलच, त्यावर काढा. आणि सापडतंच. पोलीस म्हणून शून्य, पण खुर्ची कशी टिकते हे त्या इमारतीत त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. पाचव्या सीझनला शिजवलेले आकडे त्याच्या अंगाशी येतात ते सोडा.

कोपरा_नं_५
आकडे शिजवण्याची कृती कोणी दिली नाही अजून. जबरी चोरीची साधी चोरी करा, हिंसक गुन्ह्यांतून गेली. गंभीर मारहाण साधी लिहा, मुख्य तक्त्यातूनच गेली. आपल्याकडे दखलपात्र गुन्ह्याची एनसी करतात तसंच. खून मात्र लपत नाही, प्रेत समोर असतं, म्हणून खुनांच्या आकड्यालाच सगळे घाबरतात. मार्लोला हे बरोबर कळलं होतं, त्याने प्रेतंच लपवली :P

शेवगा
आणि शेवटी डॅनियल्सलाही हेच करायला सांगतात. तो कमिशनरपद सोडतो, वकिली करतो. मान्य, बाणेदार आहे. पण खुर्ची सोडली की खात्याला काय उरलं? व्हॅलचेक!

रातकिडा
खात्याला कार्व्हर उरला. जाण्याआधी डॅनियल्स त्याला लेफ्टनंट करतो. पहिल्या सीझनला हाच कार्व्हर बरेलला आतल्या बातम्या पुरवत होता. डॅनियल्सला ते कळलं, तरी त्याने त्याला उघडा पाडला नाही. बसवून सांगितलं की तू सार्जंट होशील तेव्हा हाताखालची पोरं तुझ्याकडे बघून शिकतील, निष्ठा दाखवलीस तर निष्ठा, कामाला महत्त्व दिलंस तर काम.

शेवगा
कार्व्हर कॉल्विनने घडवला! तिसऱ्या सीझनला कॉल्विन त्याला तोंडावर सांगतो की तू माणूस चांगला आहेस पण पोलीस म्हणून शून्य, कारण नाक्यावरचा एकही माणूस तुझा ओळखीचा नाही. चौथ्या सीझनला बघा, कार्व्हर प्रत्येक पोराला नावाने हाक मारतो. नाक्यावरच्या बोडीशी बोलतो. शाळकरी नेमंड घरी जायला तयार नसतो तेव्हा चौकीत झोपू देतो, आणि मग त्याला न्यायला कोण येतं? कॉल्विन.

निळू_जोशीण
पाचव्या सीझनचं विसरलात दोघेही. कार्व्हरच्या हाताखालचा कोलिकियो भर रस्त्यात एका शिक्षकाला गाडीतून ओढतो आणि वर माज दाखवतो. कार्व्हर स्वतः तक्रार लिहितो, अख्खी शिफ्ट त्याच्यावर रुसते, तरी मागे घेत नाही. प्रेझला जबाब शिकवणाऱ्या डॅनियल्सने हे केलं नसतं. आणि कागदावरच्या शिस्तीचं कॉल्विनला फारसं सोयरसुतक नव्हतं.

कागदी_घोडे
निळू, म्हणजे तुमचं मत कार्व्हरला? तो अजून एकाही पथकाचा प्रमुख झालेला दिसत नाही. लेफ्टनंट झाला तो शेवटच्या भागात.

निळू_जोशीण
म्हणून तर अजून वाया गेलेला नाही.

शेवगा
रातकिडा, तिसऱ्या सीझनचा दहावा भाग परत बघ, कॉल्विन-कार्व्हरचं बोलणं त्यातच आहे. मग पहिल्याचा तेरावा. आणि मग सांग, कार्व्हर पुढे वागतो ते कोणाच्या शिकवणीने.